हौद, घोडा आणि डायनो : तुलनेच्या इतिहासातील काही पाने

मराठीच्या अध्यापकांनी इंजिनांविषयी लिहावे, हे काही वाचकांना अप्रस्तुत वाटेल. निमित्त असे घडले की, महाविद्यालयाच्या वाहनतळावर आमच्या काही विद्यार्थ्यांचा वाद चालला होता. यामाहाची जुनी आरएक्स 100 दोघांकडे होती आणि दोघांनीही शहरातील वेगवेगळ्या गॅरेजांतून आपापले इंजिन नव्याने 'बांधून' घेतले होते. बंदिश बांधतात, पूल बांधतात, तसे इंजिनही बांधतात, हा प्रयोग आम्हांला आवडला. वाद कोणाचे इंजिन सरस, याविषयी होता. एकाने आवाजाचा दाखला दिला, दुसऱ्याने पिकअपचा. तिसऱ्याने आपल्या मिस्त्रीच्या कीर्तीचा हवाला दिला. चौथा मात्र शांतपणे म्हणाला, "डायनोवर चढवा ना एकदा."

त्या एका वाक्याने वाद मिटला नाही. पण त्याचे स्वरूप बदलले. आवाज, अनुभव आणि आप्तवाक्य या तीन प्रमाणांच्या जागी चौथे प्रमाण पुढे आले. आमच्या वर्गांत दोन कवितासंग्रहांची किंवा दोन कादंबऱ्यांची तुलना होते, तेव्हा आम्हीही बहुधा याच तीन प्रमाणांवर विसंबतो. म्हणून या चौथ्या प्रमाणाचा इतिहास धुंडाळावासा वाटला.

'डायनो' हे डायनॅमोमीटरचे लाडके नाव. ग्रीक 'डायनामिस' म्हणजे शक्ती आणि 'मेट्रॉन' म्हणजे माप. इंजिनाला मुद्दाम ओझे देऊन, ते ओझे किती वेगाने किती ओढते हे मोजणारे यंत्र, अशी त्याची साधी व्याख्या करता येईल. ओझ्यावाचून इंजिनाची परीक्षा होत नाही, हे येथे महत्त्वाचे. उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर पिळून केलेली गर्जना म्हणजे रिकाम्या बैलगाडीची दौड.

या यंत्राच्या इतिहासाकडे जाण्यापूर्वी घरची एक गोष्ट. आमच्यापैकी एकाच्या वडिलांनी 1980च्या दशकात पैठण तालुक्यातील आपल्या विहिरीसाठी कर्ज काढून एक डिझेल इंजिन घेतले. पाटीवर लिहिले होते 5 अश्वशक्ती. विक्रेत्याने ते दुकानासमोर चालू करून दाखवले आणि म्हणाला, "पाव्हणं, आवाज तर ऐका!" आवाज दमदार होता. विहिरीवर बसवल्यावर मात्र पाणी कमी पडते, असे वडिलांना वाटू लागले. 'वाटणे' विक्रेत्यापुढे टिकणारे नव्हते. तेव्हा त्यांनी भावकीतील एकाचे, 5 अश्वशक्तीचेच, जुने इंजिन दोन दिवसांसाठी मागून आणले. हौदाची लांबी 4 मीटर, रुंदी 3 मीटर, उंची 1 मीटर. म्हणजे 12,000 लिटर. पंप तोच, पाइप तोच, पट्टाही तोच. पहिल्या सकाळी जुन्या इंजिनाने हौद 15 मिनिटांत भरला. रात्रभरात विहिरीचे पाणी पुन्हा मूळच्या पातळीला आले. दुसऱ्या सकाळी नव्या इंजिनाला 20 मिनिटे लागली. विक्रेता म्हणणार, 'पाणी खाली गेले असेल'. म्हणून तिसऱ्या सकाळी जुने इंजिन पुन्हा जोडले. पुन्हा 15 मिनिटे. हे आकडे त्यांनी हौदाच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवले आणि विक्रेत्याला ते वाचायला बोलावले. त्याने मिस्त्री पाठवला, नोझल बदलला, आणि मग वेळ 16 मिनिटांवर आली.

शाळा चौथीपर्यंत शिकलेल्या या शेतकऱ्याने जे केले, ते डायनो-चाचणीचेच सार होते, हे आम्हांला फार उशिरा कळले. पाण्यापासून हौदाच्या तोंडापर्यंत 12 मीटर उंची होती. मेट्रिक अश्वशक्ती म्हणजे मिनिटाला 4,500 किलो वजन 1 मीटर उचलण्याची शक्ती. मिनिटाला 800 लिटर पाणी 12 मीटर चढवणे म्हणजे 9,600 किलो-मीटर, अर्थात सुमारे 2.1 अश्वशक्ती, 600 लिटरला 1.6. उरलेली शक्ती पंपात, पट्ट्यात आणि पाइपाच्या घर्षणात गेली. वडिलांचा आकडा म्हणून निरपेक्ष अर्थाने 'चूक' होता. इंजिनाची खरी अश्वशक्ती त्यातून कळत नव्हती. परंतु नुकसान दोन्ही इंजिनांना सारखेच होत असल्यामुळे तुलना मात्र चोख होती. हा भेद पुढेही उपयोगी पडणार आहे.

आता इतिहास. अश्वशक्ती हे नावच एका तुलनेतून आले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जेम्स वॅट वाफेची इंजिने विकत होता आणि गिऱ्हाइकाच्या मनात एकच प्रश्न असे : माझे किती घोडे वाचतील? आपल्याकडे मोटेच्या जागी इंजिन आले तेव्हा बैलांचा हिशोब असाच झाला असणार. वॅटने घोड्याचे काम मिनिटाला 33,000 फूट-पौंड असे ठरवून टाकले. बहुतेक घोड्यांना दिवसभर हे काम झेपणारे नव्हते. पण एकक म्हणून ते रूढ झाले. त्याआधी बोल्टन आणि वॅट यांचा खाणमालकांशी करार आणखी वेगळा होता. जुन्या न्यूकमेन इंजिनाच्या तुलनेत जितका कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक-तृतीयांश भाग या भागीदारांना मिळे. म्हणजे दोन इंजिनांची तुलना हा उत्पन्नाचा आणि म्हणून भांडणाचाही विषय होता.

ज्या कॉर्नवॉल प्रांतात ही भांडणे झाली, तेथेच त्यावरचा एक सुंदर उपाय निघाला. 1811 साली जोएल लीन या खाण-अभियंत्याने प्रत्येक खाणीतील इंजिनाची कामगिरी दरमहा प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. मोजमाप एकच : ठरावीक कोळशात किती पाणी किती उंच चढवले. पैठणच्या हौदाचा हा कॉर्नवॉलमधील पूर्वज. 'लीन्स इंजिन रिपोर्टर' या नावाने हे पत्रक विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चालले. पहिल्या तीन दशकांतच तेथील इंजिनांची सरासरी कामगिरी दुपटीहून अधिक झाली. त्याचे सारे श्रेय पत्रकाला देता येणार नाही. पण कोणाच्या इंजिनात कोणता बदल केल्यावर काय झाले, हे सर्वांना सर्वांसमोर दिसू लागले. नियतकालिकांच्या इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांला हे पत्रक फार मोलाचे वाटते. समीक्षेचे नियतकालिक असावे तर असे, असेही मनात येऊन गेले.

या साऱ्याच्या आधी, 1759 साली, जॉन स्मीटन याने पाणचक्क्यांवरील आपले प्रयोग लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले होते. पाणचक्की म्हटल्यावर आमच्या शहरातील वाचकाच्या डोळ्यांपुढे आपली पाणचक्की उभी राहील : बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या परिसरात, डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून, उंचावरून सोडून, त्याच्या जोरावर दळण दळणारी. स्मीटनपुढचा प्रश्न असा होता की, चाकाला पाणी खालून लावावे की वरून सोडावे? कारागिरांत याविषयी मतमतांतरे होती. स्मीटनने लहान नमुना-चाक केले, त्याच्या आसाला दोरी गुंडाळून वजन उचलायला लावले, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलत गेला. वरून पाणी घेणारे चाक तेवढ्याच पाण्यात जवळजवळ दुप्पट काम करते, असा निर्णय निघाला. मताची जागा मापाने घेतली, ती येथे.

परंतु वजन उचलून मोठ्या यंत्राची परीक्षा घेणे अवघड; दोरी संपते, उंची संपते. 1821च्या सुमारास गास्पार द प्रोनी या फ्रेंच अभियंत्याने युक्ती काढली. फिरत्या आसाभोवती लाकडी ठोकळ्यांची पकड आवळायची, तिला एक लांब दांडा जोडायचा आणि दांड्याच्या टोकाला वजन टांगायचे. आस पकडीला आपल्याबरोबर फिरवू पाहतो, वजन तिला अडवते. दांडा समतोल राहिला की, वजन गुणिले दांड्याची लांबी म्हणजे इंजिनाचा पीळ, ज्याला आज टॉर्क म्हणतात. त्याला फेऱ्यांच्या वेगाने गुणले की शक्ती. इंजिनाची सारी मेहनत पकडीत उष्णता होऊन विरून जाते. 'ब्रेक हॉर्सपॉवर' या शब्दातील 'ब्रेक' म्हणजे हाच.

मोठ्या जहाजांच्या इंजिनांपुढे लाकडी ठोकळे जळून जात. 1877 साली विल्यम फ्रूड याने ठोकळ्यांच्या जागी पाणी योजले. बंद पेटीत वाट्यांसारखे खळगे असलेली दोन चक्रे समोरासमोर; एक इंजिन फिरवते, दुसरे पेटीला जोडलेले. मधले पाणी घुसळले जाते, फिरणाऱ्या चक्राला अडवते आणि तापते. पेटी मोकळी टांगलेली असल्याने तिला बसणारा पीळ दांड्यावर मोजता येतो. आम्हांला तर ही उलटी पाणचक्की वाटते. आपल्या पाणचक्कीत पाणी चाकाला फिरवते. फ्रूडच्या पेटीत चाक पाण्याला फिरवते, आणि दळण म्हणून एक आकडा बाहेर पडतो. पुढे विजेच्या भोवऱ्यांनी अडवणारे आणि जड रुळाला वेग देण्यास किती वेळ लागला यावरून शक्ती काढणारे डायनो आले. तत्त्व फारसे बदलले नाही.

मापाचा अधिकार कोणाच्या हाती, हा प्रश्न मात्र राहिलाच. यंत्र विकणाराच ते मोजणार असेल, तर घेणाऱ्याने काय करावे? अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात विल्मट क्रोझियर नावाचा शेतकरी आमदार होता. स्वतः घेतलेल्या ट्रॅक्टरांनी फसवल्यावर त्याने कायद्याचाच आग्रह धरला. 1919 साली कायदा झाला : राज्यात विकायच्या ट्रॅक्टरच्या नमुन्याची विद्यापीठात चाचणी झाली पाहिजे आणि तिचा निकाल लोकांना खुला असला पाहिजे. 1920 पासून लिंकन येथे चाचण्या सुरू झाल्या. भारतात 1955 साली मध्य प्रदेशातील बुदनी येथे ट्रॅक्टर-प्रशिक्षणाचे केंद्र निघाले आणि पुढे तेथे ट्रॅक्टरांच्या चाचण्या होऊ लागल्या. ट्रॅक्टर घेणाऱ्या मराठवाड्यातील किती शेतकऱ्यांनी असा चाचणी-अहवाल पाहिला असेल, हा प्रश्न मनाला बोचतो.

महाराष्ट्रात इंजिनाचा आणि साहित्याचा संबंध एका घराण्याने जोडून दिला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली किर्लोस्करवाडी वसवली. 1920 साली शं. वा. किर्लोस्करांनी कारखान्याचे वार्तापत्र म्हणून 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. नांगर-चरकांच्या जाहिरातीसाठी निघालेले ते पत्रक पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले आणि आपल्या वाङ्मयाच्या अभ्यासक्रमात जाऊन बसले. 1946 साली पुण्याजवळील खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. (मलिक अंबरने 1610 साली वसवलेल्या आमच्या शहराचे मूळ नावही खडकीच, हा केवळ योगायोग.) 1966 साली पुण्यात ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था उभी राहिली आणि वाहनांच्या अधिकृत चाचण्यांचे घर वेताळ टेकडीवर झाले. आमच्या शहरापुरते बोलायचे तर 5 नोव्हेंबर 1985 रोजी वाळूज येथील बजाज ऑटोच्या कारखान्याचे उद्घाटन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते झाले. त्यानंतरच्या पिढीत इंजिन हा या शहराचा घरगुती विषय झाला. वाहनतळावरील आमचे विद्यार्थी त्याच पिढीची मुले.

त्यांच्या वादाकडे परत येऊ. आरएक्स 100सारख्या टू-स्ट्रोक इंजिनाचा मिस्त्री सिलिंडरमधील धूर बाहेर सोडणारी खिडकी घासून उंच करतो, जेट बदलतो, सायलेन्सर वेगळा लावतो. खिडकी उंच केली की इंजिन वरच्या फेऱ्यांवर खुलते, पण बहुधा खालच्या फेऱ्यांवरची ओढ गमावते. वर पोहोचल्यावर येणारा तो अचानक झटका चालवणाऱ्याला प्रचंड शक्तीसारखा भासतो. प्रत्यक्षात त्याचा काही भाग खालच्या दुबळेपणाशी असलेल्या विरोधातून आलेला असतो. (नाट्यात विरोधाचा उपयोग आपण शिकवतो, तो हाच.) डायनोवर काढलेला आलेख हा भास उघडा पाडतो, कारण तो केवळ शिखर सांगत नाही, चढ, पठार आणि खड्डे सारे दाखवतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एक इंजिन 5,000 फेऱ्यांवर 15 न्यूटन-मीटर पीळ देते. दुसरे 6,000 फेऱ्यांवर 12.5. गुणाकार दोन्हीकडे सारखाच, शक्ती सुमारे 7.85 किलोवॅट. दोघांचेही शिखर हेच असेल, तर केवळ शिखराच्या आकड्यावर ती बरोबरीत सुटतील. पण घाटात सामानासह चढणाऱ्याला पहिले बरे आणि धावपट्टीवर सतत वरच्या फेऱ्यांवर राहणाऱ्याला दुसरे चालेल. म्हणून जाणकार आलेखाचा जो भाग प्रत्यक्ष वापरात येतो, तेवढ्याच भागाची तुलना करतात.

दुसरी अट परिस्थितीची. आमचे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 570 मीटर उंच. येथे हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण सहा टक्क्यांनी कमी, म्हणजे इंजिनाच्या श्वासातील प्राणवायूही तितकाच कमी. त्यात मे महिन्याची उष्णता. मुंबईत मोजलेले एक इंजिन आणि येथे दुपारी मोजलेले दुसरे यांचे आकडे शेजारी मांडणे अन्यायाचे. त्यासाठी तापमान आणि दाब धरून आकडे एका प्रमाणित हवामानावर आणण्याची सूत्रे आहेत. पण सूत्रेही निरनिराळी, आणि कोणते लावले हे सांगितले नाही तर आकडा निरर्थक. एककांचाही घोळ आहे : ब्रिटिश अश्वशक्ती 745.7 वॅट, मेट्रिक 735.5. शक्ती इंजिनाच्या आसावर मोजली की साखळी आणि टायर यांचा वाटा गेल्यावर मागच्या चाकावर, हेही सांगायला हवे. अमेरिकेत 1972च्या सुमारास मोटारींची शक्ती सर्व उपांगे जोडून मोजण्याची पद्धत आली, तेव्हा कागदावरील आकडे खाली आले. गाडी तीच, मोजण्याची अट बदलली.

तिसरी अट, जी वडिलांनी आपली आपणच शोधली : पुन्हा मूळ स्थितीकडे परतणे. आधी जुनी बांधणी, मग नवी, मग पुन्हा जुनी. तोच डायनो, त्याच दिवशी, टायरमध्ये तेवढीच हवा, इंजिन तेवढेच तापलेले. एकाच इंजिनाच्या लागोपाठच्या चाचण्यांत दोन टक्क्यांचा फरक पडत असेल, तर नव्या सायलेन्सरने दिलेली दीड टक्क्याची वाढ ही वाढच नाही. डायनोचा आकडा निरपेक्ष सत्य असण्याची तुलनेसाठी गरज नाही. तो स्वतःशी प्रामाणिक असला की पुरते. दोन वेगवेगळ्या डायनोंवरील आकडे घेऊन भांडणाऱ्यांना हे सांगावे लागते.

डायनोला मर्यादाही आहेत. इंजिन किती वर्षे टिकेल, पावसात एका लाथेत सुरू होईल का, गर्दीत अर्ध्या ॲक्सिलरेटरवर कसे वागेल, हे पूर्ण ताकदीच्या एका धावेतून कळत नाही. जो प्रश्न विचारला, त्याचेच उत्तर तो देतो. शिवाय अशा घासलेल्या इंजिनाला ब्रेक मात्र जुनेच असतात, ही गोष्ट कोणत्याही आलेखावर येत नाही. तीही आम्ही विद्यार्थ्यांना सांगितली.

साहित्यकृतीला डायनोवर चढवता येत नाही, हे आम्हांला मान्य आहे. तसा खटाटोप करणाऱ्यांचे काय होते, तेही आम्ही पाहिले आहे. आमचा मुद्दा त्याहून साधा आहे. स्मीटन, लीन, क्रोझियर या मंडळींनी आकड्याआधी अटी ठरवल्या आणि त्या उघड्या मांडल्या : काय स्थिर ठेवले, काय बदलले, कोणता प्रश्न विचारला. एवढे तर समीक्षकालाही करता येईल. 1950च्या आसपासची नवकथा आणि आजची ग्रामीण कथा यांची तुलना करताना आपण कोणत्या हवामानात मोजतो आहोत, हे सांगता येईल. आवडीचा लेखक बाजूला ठेवून, पुन्हा एकदा मूळ कृतीकडे परतून, पहिला निर्णय टिकतो का हे पाहता येईल. आणि निर्णय कसा काढला ते वाचकाला तपासता येईल अशा जागी लिहिता येईल. पदवीच्या, कीर्तीच्या किंवा आवाजाच्या जोरावर दिलेल्या निर्णयापुढे विद्यार्थी मान डोलावतो, पण त्याला प्रतिवाद करता येत नाही. अटी मांडल्या की तो करता येतो.

त्या दोन विद्यार्थ्यांनी अखेर डायनो गाठला की नाही, हे आम्ही विचारलेले नाही. पैठणकडील त्या हौदाला नंतर गिलावा झाला आणि कोळशाचे आकडे त्याखाली गेले. वडील मात्र आजही ते क्रमाने सांगतात : पंधरा, वीस, पंधरा, आणि नोझल बदलल्यावर सोळा.